नॉर्बर्ट वीनर: मशीनला काम सांगण्याआधी विचार करा, असं सांगून गेलेला गणितज्ञ

सायबर कॅफे, सायबर क्राइम, सायबर सेल, सायबर सिक्युरिटी. 'सायबर' हा शब्द आपण इतक्या वेळा वापरतो की तो आला कुठून हे विचारायचं राहूनच जातं. बहुतेकांना वाटतं की त्याचा अर्थ 'इंटरनेटशी संबंधित' असा असेल. पण मूळ शब्दाचा इंटरनेटशी काहीच संबंध नाही. ग्रीक भाषेत 'कुबेर्नेतेस' म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा माणूस. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने या शब्दावरून एका नव्या शास्त्राचं नाव 'सायबरनेटिक्स' असं ठेवलं. त्या नावाचा पहिला तुकडा पुढे सुटा होऊन आपल्या बोलण्यात आला.

आज या वीनर यांची गोष्ट सांगायची आहे. एआय आपल्या नोकऱ्या घेणार का? एआय हाताबाहेर जाणार का? हे दोन प्रश्न सध्या ऑफिसच्या चहापासून घरच्या जेवणापर्यंत सगळीकडे ऐकू येतात. वीनर यांनी ते सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी विचारले होते, जेव्हा एक कॉम्प्युटर ठेवायला अख्खी खोली लागायची. मी इंजिनिअरिंगला असताना त्यांचं नाव फक्त 'वीनर फिल्टर' या टॉपिकपुरतं आलं. सूत्र पाठ करा, पेपरात उतरवा, मार्क घ्या. त्या सूत्रामागचा माणूस कोण होता, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आणि तो माणूस सूत्रापेक्षा जास्त कामाचा निघाला.

वडिलांनी घडवलेला मुलगा

नॉर्बर्टचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, कोलंबिया गावी झाला. वडील लिओ वीनर पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेले. भाषांचे जबरदस्त जाणकार, पुढे हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्हिक भाषांचे प्राध्यापक झाले. मुलाला शिकवायचं काम त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. गणितात चूक झाली की घरात वादळ व्हायचं.

आठव्या वर्षी नॉर्बर्टचे डोळे इतके बिघडले की डॉक्टरांनी सहा महिने वाचायला बंदी केली. वडिलांनी अभ्यास थांबवला नाही. ते तोंडी शिकवत राहिले आणि मुलगा मनातल्या मनात गणितं सोडवायला शिकला. अकराव्या वर्षी हायस्कूल संपलं, चौदाव्या वर्षी टफ्ट्स कॉलेजची गणिताची पदवी मिळाली आणि अठराव्या वर्षी हार्वर्डची पीएचडी.

आपल्याकडे असा मुलगा असता तर गल्लीत पेढे वाटले असते. पण आतून चित्र वेगळं होतं. वडिलांनी जाहीरपणे सांगितलं की मुलगा काही जन्मजात हुशार नाही, ही त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीची कमाल आहे. नॉर्बर्टने हे वाचलं. त्याच्या मनात एक गोष्ट कायमची बसली: जमलं तर श्रेय वडिलांचं, फसलं तर दोष माझा. मोठेपणी आत्मचरित्रात त्यांनी ही सल मोकळेपणाने मांडली आहे. घडवणारा आणि घडवलेला यांच्यातलं नातं किती गुंतागुंतीचं असतं, हे त्यांना मशीनच्या कितीतरी आधी घरातच कळलं होतं.

पीएचडीनंतर ते इंग्लंडमध्ये बर्ट्रांड रसेल यांच्याकडे आणि जर्मनीत डेव्हिड हिल्बर्ट यांच्याकडे शिकले. १९१९ मध्ये एमआयटीत गणित शिकवायला लागले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या वेड्यावाकड्या हालचालीला त्यांनी पक्कं गणित दिलं. त्याला आज 'वीनर प्रोसेस' म्हणतात, आणि शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत काढणारी मॉडेल्सही त्याच्यावर उभी आहेत.

विमान, तोफ आणि थरथरणारा हात

दुसऱ्या महायुद्धात एक अडचण होती. शत्रूचं विमान इतक्या वेगाने जायचं की जमिनीवरून उडवलेला गोळा वर पोचेपर्यंत ते भलतीकडेच गेलेलं असायचं. म्हणजे विमान आत्ता कुठे आहे तिथे नेम धरून उपयोग नाही, ते काही सेकंदांनी कुठे असेल तिथे धरायला हवा. वीनर आणि ज्युलियन बिगेलो नावाचे तरुण इंजिनिअर या अंदाजाच्या मशीनवर काम करू लागले.

काम करताना त्यांच्या लक्षात आलं की विमान एकटं उडत नाही, आत एक माणूस बसलेला असतो. तो घाबरतो, वळतो, हुलकावणी देतो. तोफेमागेही माणूस असतो. म्हणजे गणितात माणसालाही धरावं लागणार. आणि इथे एक मूलभूत कल्पना त्यांच्या हाती लागली: फीडबॅक.

फीडबॅक म्हणजे काय, हे समजायला बाथरूममध्ये जाऊ. तुम्ही शॉवर सुरू केला, पाणी गार आहे. तुम्ही गरम नळ थोडा फिरवता. पाइपातलं गार पाणी निघून जायला वेळ लागतो, त्यामुळे काहीच फरक दिसत नाही. तुम्ही अजून फिरवता. अजून. आणि एकदम चटका बसतो! मग घाईघाईने उलट फिरवता आणि पुन्हा बर्फासारखं पाणी. म्हणजे नळ नीट, पाणी नीट, तुमचा हातही नीट. पण परिणाम दिसायला उशीर होतो आणि तुम्ही गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करता, म्हणून सगळी यंत्रणा हेलकावे खाते.

माझ्या रोजच्या कामात हेच दिसतं. वेबसाइटवर गर्दी वाढली की आपोआप नवीन सर्व्हर सुरू होतात. पण सर्व्हर सुरू व्हायला वेळ लागतो. तोवर सिस्टमला वाटतं की अजून कमी पडतायत, ती आणखी सर्व्हर मागवते. मग अचानक सगळे उभे राहतात, सिस्टमला वाटतं फार झाले, ती बंद करायला लागते. शॉवरचा चटका आणि सर्व्हरचं बिल, दोन्हींमागे गणित एकच.

वीनर आणि बिगेलो यांना प्रश्न पडला: दुरुस्ती जास्त झाल्याने मशीन असं हेलकावे खात असेल, तर माणसाच्या शरीरातही असा बिघाड असायला हवा. त्यांनी आर्तुरो रोझेनब्ल्यूथ या मेक्सिकन शरीरशास्त्रज्ञ मित्राला विचारलं. उत्तर होय असं आलं. लहान मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांचा हात कप उचलायला जाताना कपाच्या पुढे जातो, मग मागे येतो, मग पुन्हा पुढे. हात लुळा नसतो, दुरुस्तीचा हिशेब बिघडलेला असतो.

तोफ आणि हात, मशीन आणि माणूस, दोघांनाही एकाच गणितात बसवता येतं! १९४३ मध्ये तिघांनी मिळून यावर निबंध लिहिला. त्यांचं अंदाज बांधणारं मशीन काही युद्धात वापरलं गेलं नाही. पण त्यातून निघालेलं गणित पुढे जगभर पसरलं. आवाजातली खरखर काढणारा, धूसर फोटो साफ करणारा 'वीनर फिल्टर' त्यातूनच आला.

नाही म्हणणारा शास्त्रज्ञ

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. वीनर हादरले. त्यांनी स्वतः बॉम्बवर काम केलं नव्हतं, पण युद्धासाठी गणित केलं होतं. आपण शोधलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडेना.

पुढच्याच वर्षी एका मोठ्या विमान कंपनीतल्या संशोधकाने त्यांच्या युद्धकाळातल्या एका अहवालाची प्रत मागितली. क्षेपणास्त्रांच्या कामासाठी हवी होती. वीनर यांनी नकार दिला. तेवढ्यावर न थांबता ते पत्र जानेवारी १९४७ च्या अटलांटिक मंथली मासिकात छापून आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की माहिती देणं ही निरागस गोष्ट राहिलेली नाही. ती कशासाठी वापरली जाणार हे दिसत असताना देणाऱ्याने हात झटकून चालणार नाही. यापुढे लष्करी कामात भाग घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

याची किंमत आज आपल्या लक्षात येत नाही. त्या काळात अमेरिकेत कॉम्प्युटरच्या संशोधनाचा मोठा पैसा लष्कराकडून यायचा. ज्या क्षेत्राचा पाया घालायला मदत केली, त्याच्याच मुख्य रस्त्यावरून ते स्वतःहून बाजूला झाले.

कामगार नेत्याला पत्र

१९४८ मध्ये 'सायबरनेटिक्स' हे पुस्तक आलं. पानापानावर समीकरणं, तरी ते धडाधड खपलं. सामान्य वाचकांसाठी त्यांनी १९५० मध्ये आणखी एक पुस्तक लिहिलं, ज्याचं नावच मुळी माणसांचा माणसासारखा वापर करण्याविषयी आहे.

या दोन पुस्तकांच्या मधली एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. एका कंपनीने कारखाना आपोआप चालवण्याबाबत वीनर यांचा सल्ला मागितला होता. चांगले पैसे मिळाले असते. त्यांनी सल्ला दिला नाही. उलट ऑगस्ट १९४९ मध्ये वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहिलं. रॉयथर म्हणजे अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेचे अध्यक्ष. पत्रात इशारा होता: स्वतः निर्णय घेणाऱ्या मशीन येतायत, त्या माणसांची कामं घेतील, तुम्ही आत्ताच तयारीला लागा. अशा मशीनचा फायदा कामगारांनाही मिळावा यासाठी संघटनेने आधीच पाऊल टाकावं, असंही त्यांनी सुचवलं. रॉयथर यांनीही आपल्याला यात रस असल्याचं लगेच कळवलं.

वीनर यांचा मुद्दा सरळ होता. मशीन म्हणजे पगार न घेणारा गुलाम. गुलामाशी स्पर्धा करायची वेळ आली की स्वतंत्र माणसालाही गुलामाच्याच अटी मान्य कराव्या लागतात. म्हणून प्रश्न मशीन चांगली की वाईट हा नाही, ती आणताना माणसाचा विचार कोणी केला का, हा आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दहा-वीस वर्षांत बेकारीचं मोठं संकट येईल असा त्यांचा अंदाज होता, आणि तो चुकला. १९६० चं दशक अमेरिकेत तसं गेलं नाही. अंदाजाचं गणित ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्याचाच अंदाज चुकावा, हे मजेशीर आहे. पण तारीख चुकली म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

मुंबईचं आणि भारताचं नातं

वीनर यांचं भारताशी नातं होतं. १९५५-५६ मध्ये ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या संस्थेत, राहून गेले. मुंबईत जन्मलेले आणि मुंबईत शिकवणारे गणितज्ञ पेसी मसानी हे त्यांचे सहकारी होते. दोघांनी मिळून अंदाजाच्या सिद्धांतावर लिहिलेले निबंध १९५७ आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे वीनर यांचं मोठं चरित्रही मसानी यांनीच लिहिलं. आणि बोस स्पीकर माहीत असतील, तर ते काढणाऱ्या अमर बोस यांनी एमआयटीत पीएचडी केली ती वीनर आणि त्यांचे सहकारी युक-विंग ली यांच्या हाताखाली.

भस्मासुर नाही, माकडाचा पंजा

आता या लेखातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

१९५९ मध्ये आयबीएमच्या आर्थर सॅम्युअल यांनी चेकर्स खेळायला शिकणारा प्रोग्राम जगापुढे मांडला. तो खेळता खेळता सुधारायचा आणि स्वतः सॅम्युअलना हरवायचा. १९६० मध्ये वीनर यांनी सायन्स या नियतकालिकात लेख लिहून विचारलं की बनवणाऱ्यापेक्षा बनवलेली वस्तू सरस ठरायला लागली, तर पुढे काय? सॅम्युअल यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं: मशीनला स्वतःची इच्छा नसते, ती माणसाने सांगितलेलंच करते.

गंमत अशी की वीनर यांची भीती नेमकी तीच होती. मशीन सांगितलेलंच करेल, याची!

हे समजावायला ते डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 'माकडाचा पंजा' ही जुनी इंग्रजी कथा सांगायचे. एका म्हाताऱ्या जोडप्याला इच्छा पूर्ण करणारा पंजा मिळतो. ते दोनशे पाउंड मागतात. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातून माणूस येतो. मुलगा मशीनमध्ये सापडून गेलेला असतो आणि भरपाई म्हणून कंपनीने पाठवलेले असतात बरोबर दोनशे पाउंड.

आपल्याकडे एआयची चर्चा निघाली की कोणीतरी भस्मासुराचं नाव काढतंच. मला वाटतं ते उदाहरण इथे बसत नाही. भस्मासुराची नियत फिरली होती, तो वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला होता. पंजाची नियत वगैरे काही नाही. त्याने मागितलेलं दिलं, अगदी अक्षरशः. आपल्याला काय नको आहे, हे मागणारे सांगायला विसरले, कारण माणसाला ते सांगावं लागत नाही.

वीनर यांनी यात वेगाचा मुद्दा जोडला. माणसाने चुकीचं काम सुरू केलं तर मध्ये थांबवायला वेळ असतो. मशीन आपल्यापेक्षा खूप वेगाने काम करते. चूक आपल्या लक्षात येईपर्यंत ती काम उरकून मोकळी झालेली असते. शॉवरसारखंच, फक्त इथे चटका बसेपर्यंत पाणी घरभर गेलेलं असतं. म्हणून मशीनला दिलेलं ध्येय हेच खरंच आपल्याला हवंय का, याची खात्री बटण दाबण्याआधी करायची.

आजचं उदाहरण घ्या. व्हिडिओ अ‍ॅपला सांगितलं की लोकांनी जास्तीत जास्त वेळ बघत राहिलं पाहिजे. ते तेच करतं. रात्रीचे दोन वाजलेत, बघणाऱ्या मुलाची उद्या परीक्षा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

माझंही उदाहरण देतो. मागे आमच्या टीमकडे एका ग्राहक-सेवा केंद्रासाठी काम आलं होतं. तक्रारींना आपोआप उत्तर देणारी सिस्टम हवी होती आणि यशाचं माप एकच होतं: तक्रार किती लवकर 'बंद' होते. आता तक्रार बंद करायचा सगळ्यात जलद मार्ग म्हणजे ग्राहकाला कंटाळा आणणं. प्रश्न न सुटताही आकडा छान दिसला असता. माझ्या एका सहकारी ताईने मीटिंगमध्ये सरळ विचारलं की बंद झालेली तक्रार आठवड्यात परत आली तर ती आपण कुठे मोजणार? त्या एका प्रश्नाने मापच बदललं. परत आलेली तक्रार सिस्टमच्या नावावर जमा होऊ लागली. पण आधी फोनवर बसणाऱ्या माणसांचं पुढे काय, हा वीनर यांचा दुसरा प्रश्न त्या मीटिंगमध्ये कोणाच्याच कागदावर नव्हता. तो मला अजून टोचतो.

मशीन माणसाच्या बाजूने

वीनर मशीनचे शत्रू होते असं मुळीच नाही. बहिऱ्या माणसांसाठी आवाजाचं रूपांतर बोटांवरच्या स्पर्शात करणाऱ्या हातमोज्यावर त्यांनी काम केलं. १९६१ मध्ये ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या त्यांनी डॉक्टरांशी चर्चा काढली की हात तुटला तरी उरलेल्या स्नायूंकडे मेंदूचा संदेश येतच असतो, मग तो पकडून कृत्रिम हात का चालवू नये? या विचारातून पुढे 'बॉस्टन आर्म' तयार झाला. आजचे स्नायूंच्या संदेशावर चालणारे कृत्रिम हात त्याच वाटेवरचे.

माणूस म्हणून ते सोपे नव्हते. निराशेचे झटके यायचे. १९५२ च्या सुमारास वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स या जवळच्या सहकाऱ्यांशी त्यांनी एकाएकी संबंध तोडले. पिट्स त्यातून कधी सावरले नाहीत. आज ज्याला आपण न्यूरल नेटवर्क म्हणतो, त्याचं पहिलं गणित मांडणारे हे दोघे. फीडबॅकचा सिद्धांत मांडणाऱ्याने मित्रांचं ऐकून न घेता दार लावलं.

जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते वीनर यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. दोनच महिन्यांनी, १८ मार्चला, स्टॉकहोमच्या दौऱ्यावर असताना ते गेले. वय ६९. मातीच्या पुतळ्यात जीव घालण्याच्या ज्यू दंतकथेचं नाव घेऊन लिहिलेलं त्यांचं मशीनवरचं शेवटचं छोटं पुस्तक त्याच वर्षी निघालं आणि १९६५ मध्ये त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

'सायबरनेटिक्स' हे नाव हळूहळू मागे पडलं. १९५६ च्या डार्टमथ परिषदेसाठी 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव निवडणाऱ्या जॉन मॅकार्थी यांनी पुढे लिहिलं की सायबरनेटिक्सशी आणि वीनर यांच्याशी नातं जोडलं जाऊ नये, हेही ते नाव घेण्यामागचं एक कारण होतं. नाव टाळलं, पण वीनर यांचे प्रश्न काही टळले नाहीत.

आपण काय घ्यायचं?

वीनर वाचल्यापासून नवीन सिस्टमचं डिझाइन लिहायला घेतलं की पहिल्या पानावर मी दोन ओळी लिहितो. पहिली: हा आकडा शंभर टक्के गाठला आणि तरीही लोक नाराज झाले, तर कशामुळे होतील? दुसरी: हे काम आज कोण करतंय, आणि उद्या ते काय करतील? पहिल्या ओळीचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. दुसरीचं उत्तर द्यायचा अधिकार माझ्यासारख्या इंजिनिअरकडे नसतो, पण ती कागदावर असली की निदान कोणालातरी वाचावी लागते.

तुम्ही कोड लिहीत नसलात तरी हे प्रश्न तुमचेही आहेत. शाळेत, बँकेत, दवाखान्यात, सोसायटीत एखादी 'स्मार्ट' सिस्टम येते तेव्हा ती काय काय करू शकते हे सगळे सांगतात. तिला नेमकं काय करायला सांगितलंय, हे तुम्ही विचारा. सुकाणू कोणाच्या हातात आहे, ते तिथेच कळतं.